पक्की मांड

शरीरास झालेली इजा कालांतराने भरून येते. परंतु तिने मनात बसविलेली भीती सहजासहजी जात नाही. झाडावरून पडलेला मुलगा पुन्हा फांदीवर पाय ठेवताना कचरतो आणि पाठ दुखावलेला स्वार पुन्हा रिकिबीत पाय घालताना दहा वेळा विचार करतो. जिने या भीतीवर हळूहळू मात केली आणि दुबळ्या पाठीनिशी डोंगर, नद्या व हिमाच्छादित घाट घोड्यावरून ओलांडले, अशा एका स्त्रीची ही जीवनकथा आहे. तिचे नाव इझाबेला बर्ड.

इझाबेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १८३१ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. तिचे वडील एडवर्ड बर्ड यांनी तरुणपणी कलकत्त्यास वकिली केली होती. पुढे मायदेशी परतून ते धर्मोपदेशक झाले. हेन्रिएटा ही इझाबेलाची धाकटी बहीण. दोघी बहिणींचे एकमेकींवर जिवापाड प्रेम होते. इझाबेला लहानपणापासूनच नाजूक होती. मोकळ्या हवेत वावरल्याने तिची प्रकृती सुधारेल, असे वैद्यांचे मत पडले. म्हणून आपल्या भागातील गावांत फिरावयास निघताना वडील तिला घोड्यावर आपल्यापुढे बसवून नेत. पुढे ती स्वतंत्र घोड्यावर बसू लागली. चालावयास शिकावे तितक्याच सहजतेने ती घोड्यावर बसावयास शिकली.

या रपेटी म्हणजे तिची शाळाच होती. वाटेने जाताना वडील तिला सारखे प्रश्न विचारीत. त्या शेतात कोणते पीक उभे आहे? या कुंपणाचे फाटक कोणत्या बाजूस उघडते? ती पाणचक्की वरून पडणाऱ्या पाण्याने फिरते की खालून वाहणाऱ्या? उत्तर मोघम असून चालत नसे. त्यामुळे डोळे उघडे ठेवून पाहण्याची आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत सांगण्याची सवय तिला लागली. या सवयीचे मोल पुढे साऱ्या जगाला कळावयाचे होते.

परंतु त्याआधी तिच्यावर मोठे संकट ओढवले. तिच्या पाठीच्या कण्याजवळ एक गाठ वाढू लागली. १८५० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, शस्त्रक्रिया करून ती गाठ काढण्यात आली. गाठ गेली, पण दुखणे गेले नाही. पाठीतील वेदना, निद्रानाश आणि मनाची उदासीनता ही त्रयी तिच्या मागे लागली. ज्या वयात मुली हसतखेळत हिंडतात, त्या वयात इझाबेला दिवसाचा पुष्कळसा भाग कोचावर पडून काढू लागली. घोड्याच्या पाठीवर वाढलेली मुलगी आता नुसते ताठ बसावयासही धजेना.

समुद्रप्रवास केल्यास प्रकृतीस उतार पडेल, असे डॉक्टरांनी सुचविले. १८५४ साली वडिलांनी तिच्या हाती शंभर पौंड ठेवले आणि पैसे पुरतील तोवर अमेरिकेत राहण्यास परवानगी दिली. ती अनेक महिने अमेरिका व कॅनडा या देशांत हिंडली. तेथून लिहिलेल्या पत्रांच्या आधारे १८५६ साली तिचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रवासात तिची प्रकृती सुधारे. घरी परतताच ती पुन्हा बिघडे. हा अनुभव तिला आयुष्यभर येणार होता.

१८५८ साली वडील वारले. त्यानंतर आई व दोघी बहिणी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे राहावयास गेल्या. १८६६ साली आईही गेली. इझाबेलाबाईंच्या पाठीचे दुखणे आता अधिकच बळावले. मस्तकाचा भारसुद्धा त्यांच्या कण्यास सोसवेना. बसताना मानेला व डोक्याला आधार मिळावा म्हणून डॉक्टरांनी पोलादी जाळी वापरण्याचा सल्ला दिला. त्यांनी चाळिशी गाठली होती. उरलेले आयुष्य अंथरुणात जाणार, असे कोणासही वाटले असते.

अशा स्थितीत १८७२ साली त्या पुन्हा प्रवासास निघाल्या. प्रथम त्या ऑस्ट्रेलियास गेल्या. पण तेथे त्यांना बरे वाटले नाही. मग न्यूझीलंडहून १ जानेवारी १८७३ रोजी ‘नेवाडा’ नावाच्या जुनाट, गळक्या आगबोटीने त्या अमेरिकेकडे निघाल्या. वाटेत भयंकर वादळ झाले. बोटीवर एका प्रवासी बाईंचा मुलगा अत्यवस्थ झाला. हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरात त्याला उतरविणे भाग होते. आपल्या सोबतीस थांबावे, अशी त्या मातेने इझाबेलाबाईंना विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. पुढच्या बोटीपर्यंत थांबावयाचे म्हणून त्या उतरल्या आणि सहा महिन्यांहून अधिक काळ तेथेच राहिल्या. परोपकारासाठी केलेल्या या मुक्कामानेच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

हवाई बेटांत त्या काळी घोड्यावाचून गती नव्हती. रस्ते थोडे, दऱ्या खोल आणि पायवाटा निसरड्या. तेथे येताच लहानपणीची हौस इझाबेलाबाईंच्या मनात पुन्हा जागी झाली. परंतु पाठ साथ देईना. याचे कारण समजून घेण्यासाठी त्या काळच्या युरोपीय स्त्रियांची बसण्याची पद्धत पाहिली पाहिजे. त्या दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या अंगास सोडून बसत. उजवा पाय खोगिराच्या उंचवट्यावरून टाकलेला असे आणि डावा पाय एकुलत्या एका रिकिबीत असे. पाय एका बाजूस आणि तोंड मात्र घोड्याच्या चालीच्या दिशेने, अशी ही बैठक होती. त्यामुळे कमरेस सारखा पीळ पडे. निरोगी माणसाला ते सोसवते. दुखऱ्या कण्याला मात्र घोड्याचे प्रत्येक पाऊल म्हणजे एक नवी कळ. थोडी रपेट केली तरी इझाबेलाबाईंना वेदना असह्य होत. आपल्या नशिबी आता घोडेस्वारी नाही, असे त्यांना वाटू लागले.

याच सुमारास त्या हवाई नावाच्या सर्वांत मोठ्या बेटावरील हिलो या गावी आल्या. तेथून सुमारे तीस मैलांवर किलाउआ हा जागृत ज्वालामुखी आहे. तो पाहावयाची त्यांना अतिशय उत्कंठा होती. पण तीस मैलांची चढण घोड्यावरून जाणार कशी? त्यांचे यजमान सेव्हरन्स यांनी एक उपाय सुचविला. मेक्सिकन पद्धतीचे खोगीर घ्यावे आणि पुरुषांप्रमाणे दोहोंकडे पाय टाकून बसावे! या खोगिराची बैठक खोलगट असते. पुढे धरावयास शिंगासारखा उंचवटा असतो आणि रिकिबी रुंद, लाकडी असतात. त्यावर बसले म्हणजे शरीराचा भार दोन्ही अंगांवर सारखा पडतो आणि कणा सरळ राहतो. त्या बेटावरील सर्व स्थानिक स्त्रिया याच रीतीने बसत. तेथे राहणाऱ्या पुष्कळ परदेशी बायकांनीही ती रीत उचलली होती.

उपाय सोपा होता, पण इझाबेलाबाईंच्या मनाला तो रुचेना. त्या धर्मोपदेशकाच्या कन्या. कुलीन स्त्रीने असे बसणे अशोभनीय होय, हे त्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले. एकीकडे लोकलज्जा आणि जुना संस्कार, दुसरीकडे ज्वालामुखी पाहण्याची ओढ. अखेर ओढीची सरशी झाली. पायघोळ झगा, त्याखाली घोट्याशी चुण्या घातलेली सैल तुर्की विजार आणि वर एक साधे जाकीट असा सभ्य व सोयीस्कर पोशाख त्यांनी तयार करविला.

ज्वालामुखीकडे निघण्यापूर्वी त्यांनी ही बैठक एका लहान रपेटीत करून पाहिली. नव्या खोगिरावर तोल सांभाळणे प्रथम जड गेले. अवघडल्यासारखेही वाटले. परंतु एक गोष्ट त्यांच्या तत्काळ ध्यानी आली. ज्या कळेची त्यांना धास्ती होती, ती कळ आली नाही! मग त्यांनी निश्चय केला, की ज्वालामुखीस जावयाचे तर असेच. नाही तर मुळीच नाही. वाटाड्या सोबत घेऊन त्या निघाल्या. घनदाट अरण्यातून, काळ्या लाव्हारसाच्या खडकांवरून दिवसभर वाट चढत होती. सुमारे चार हजार फूट उंची गाठेपर्यंत अंधार पडला होता आणि समोरचे आकाश ज्वालामुखीच्या तेजाने लाल झाले होते. थकव्याने शरीर गळून गेले होते. पण जो प्रवास अशक्य म्हणून त्यांनी मनोमन सोडून दिला होता, तो पुरा झाला होता.

त्या दिवसापासून त्यांचा धीर पायरीपायरीने वाढत गेला. सोप्या वाटेनंतर अवघड वाट, सोबतीच्या प्रवासानंतर एकटीचा प्रवास, असा त्यांचा क्रम होता. हिलोच्या उत्तरेस समुद्रकाठी खोल घळींची रांगच आहे. त्या घळींच्या उभ्या चढउतारांवर घोडा आपल्या पायांनी वाट शोधतो. स्वाराने भिऊन लगाम खेचला तर दोघेही कोसळतात. घोड्यावर विश्वास टाकणे हा धडा त्या येथे शिकल्या. अतिवृष्टीने फुगलेले ओढे पार करताना प्राणावर बेतण्याचे प्रसंगही आले. तरी त्यांनी घोडा सोडला नाही. जून १८७३ मध्ये त्या १३,००० फुटांहून अधिक उंच असलेल्या मौना लोआ पर्वतावर गेल्या. धगधगत्या विवराच्या काठी, गोठविणाऱ्या थंडीत त्यांनी रात्र काढली. डोक्याला पोलादी जाळीचा आधार घ्यावा, असा ज्यांना सल्ला मिळाला होता, त्याच या बाई होत्या.

हवाईहून त्या अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात, रॉकी पर्वताच्या प्रदेशात गेल्या. १८७३ सालची शरद ऋतूतील व हिवाळ्याच्या आरंभीची ही भटकंती त्यांच्या सर्व प्रवासांत विशेष गाजली. एस्टेस पार्क नावाच्या रम्य खोऱ्यात एका कुरणवाल्याकडे त्या उतरल्या होत्या. डोंगरात पांगलेली अर्धवट रानटी गुरे हाकून आणावयाची असत. ते काम कसलेल्या गुराख्यांचे. परंतु इझाबेलाबाईंची मांड पाहून कुरणवाल्याने त्यांनाही मदतीस घेतले. त्याच काळात १४,२५९ फूट उंचीचे लाँग्स शिखरही त्यांनी गाठले. अखेरचा कडा मात्र पायी चढावयाचा होता. तेथे आपल्याला वाटाड्याने दोर लावून अक्षरशः ओढून वर नेले, हे त्यांनी आपल्या पुस्तकात निःसंकोचपणे सांगितले आहे. नसलेले श्रेय घेण्याची त्यांना हौस नव्हती.

त्यानंतर बर्डी नावाच्या एका तांबूस रंगाच्या गुणी घोडीवर त्या एकट्याच निघाल्या आणि सुमारे ८०० मैलांचा फेरा पुरा करून परतल्या. दिवसभर घोडी चालवावी, संध्याकाळी मिळेल त्या झोपडीत आसरा घ्यावा, घोडीचे दाणापाणी पाहावे आणि सकाळी स्वतःच्या हातांनी खोगीर कसून पुढे निघावे, असा त्यांचा नित्यक्रम असे. बर्फाने वाटा बुजून जात. थंडी इतकी कडक, की एकदा डोळ्यांतून आलेले पाणी पापण्यांवर गोठले. पण घोडी आणि स्वार या दोघी एकमेकींना चांगल्या ओळखू लागल्या होत्या.

तरीही लोकलज्जेचा धाक त्यांच्या मनातून समूळ गेला नव्हता. गाव जवळ आले, की त्या दोन्ही पाय एका बाजूस घेऊन बसत. एकदा एका गावातून बाहेर पडेपर्यंत त्या अशा बसल्या, तर तेवढ्यानेच पाठीत तीव्र कळ आली आणि बैठक बदलल्यावरही ती कितीतरी वेळ थांबली नाही. दुखणे गेलेले नव्हते. त्याला चुचकारून वागविण्याची युक्ती मात्र त्यांना साधली होती. पुढे १८७९ साली या प्रवासाचे पुस्तक निघाले, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्राने त्यांच्या पोशाखास पुरुषी म्हटले. बाईंना याचा मनस्वी संताप आला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी आपल्या पोशाखाचे वर्णन व चित्रच छापले. मात्र टीकेला भिऊन त्यांनी मेक्सिकन खोगीर टाकले नाही. १८७८ साली त्या जपानला गेल्या, तेव्हा त्यांच्या सामानात ते होतेच.

जपानचा प्रवास सोपा नव्हता. घरी परतल्यावर पाठदुखीने पुन्हा डोके वर काढले होते. म्हणून टोकियोपासून उत्तरेकडील होक्काइदो बेटापर्यंतचा मार्ग त्यांनी बेताबेताने, विश्रांती घेत आक्रमिला. ज्या दिवशी शरीर नको म्हणेल, त्या दिवशी हट्ट करावयाचा नाही. पण दुसऱ्या दिवशी निघावयाचे, असा त्यांचा रिवाज होता. त्या बेटावरील ऐनू लोकांत राहून त्यांनी त्यांच्या जीवनाविषयी मोलाची माहिती लिहून ठेवली. वडिलांनी लावलेली निरीक्षणाची सवय येथे कामी आली.

पुढची काही वर्षे दुःखाची गेली. १८८० साली लाडकी बहीण हेन्रिएटा विषमज्वराने वारली. १८८१ साली त्यांनी डॉक्टर जॉन बिशप यांच्याशी विवाह केला. पण पाच वर्षांतच तेही निवर्तले. दुःख करीत न बसता इझाबेलाबाईंनी लंडनला शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि १८८९ साली त्या भारतात आल्या. पतीच्या स्मरणार्थ श्रीनगर येथे व बहिणीच्या स्मरणार्थ अमृतसर येथे त्यांनी स्त्रियांसाठी रुग्णालये उभारण्याची व्यवस्था केली.

भारतात त्यांनी काश्मीरहून लडाखची वाट धरली. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांच्यापाशी ग्याल्पो नावाचा एक देखणा पण अत्यंत खोडकर घोडा होता. ग्याल्पो म्हणजे राजा. तो कोणासही जवळ येऊ देत नसे; पण उंच घाटांत त्याचे पाय कधी डळमळत नसत. लडाखमध्ये श्योक नदीचे बर्फासारखे थंड, वेगवान पात्र ओलांडताना मोठा अपघात झाला. बाई ज्या घोड्यावर होत्या, तो पाण्यात मागच्या मागे उलटला आणि त्या प्रवाहात सापडल्या. सोबत्यांनी त्यांना बाहेर काढले. जिवावरचे बरगडीवर निभावले! एक बरगडी मोडली होती आणि सर्वांगास मुका मार लागला होता. तरी त्यांनी प्रवास सोडला नाही. हवाई बेटांत अवघडत खोगिरावर चढलेल्या बाई आता पडल्यानंतरही निर्धाराने पुन्हा खोगिरावर बसू शकत होत्या.

१८९० च्या कडक हिवाळ्यात त्यांनी बगदादहून तेहरानपर्यंत इराणचे हिमाच्छादित डोंगर ओलांडले. १८९२ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने, म्हणजे तेथील भूगोल संस्थेने, त्यांना सदस्यत्व दिले. तोवर या संस्थेची दारे स्त्रियांना बंद होती. त्यानंतर त्यांनी कोरिया आणि चीन या देशांतही दीर्घ प्रवास केला व त्यांवर मोठे ग्रंथ लिहिले.

१९०१ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षात, त्या आफ्रिकेतील मोरोक्को देशात गेल्या. तेथील सुलतानाने त्यांना एक उमदा, काळा घोडा नजर केला. बाईंची उंची पाच फुटांहूनही कमी आणि घोडा उंचापुरा. त्यावर चढावयास त्यांना शिडी लावावी लागे. त्यांनी शिडी लावली आणि ॲटलास पर्वताच्या वाटांवरून घोडा हाकला. शिडीची त्यांना लाज वाटली नाही. मेक्सिकन खोगिराने त्यांना हेच शिकविले होते. आधार घेण्यात कमीपणा नसतो. आधाराच्या लाजेने घरी बसण्यात मात्र नुकसान असते.

७ ऑक्टोबर १९०४ रोजी एडिंबरो येथे इझाबेलाबाईंचे निधन झाले. आठ दिवसांनी त्यांना त्र्याहत्तरावे वर्ष पुरे झाले असते. अखेरपर्यंत त्यांच्या मनात चीनला पुन्हा जाण्याचा विचार घोळत होता.

इझाबेलाबाईंची पाठ कधीच पूर्णपणे बरी झाली नाही. प्रत्येक दुखणे धैर्याने पळवून लावता येते, असे त्यांचे चरित्र सांगत नाही. ते सांगते ते निराळेच. वेदना कशाने वाढते व कशाने कमी होते, हे त्यांनी शांतपणे पाहिले. आपल्याला झेपेल अशी रीत शोधली. त्या रीतीला लोक नावे ठेवतील म्हणून ती टाकली नाही. आणि एका लहान रपेटीपासून आरंभ करून एकेक मैल वाढवीत नेला. घोड्यावरील त्यांची मांड पक्की झाली ती अशी. आपल्याही वाट्यास कधी अपघात, आजार वा अपयश येईल. त्या वेळी पहिल्याच दिवशी पर्वत चढण्याची घाई करू नये आणि पर्वत आपल्यासाठी नाहीत असे म्हणून अंथरुणही धरू नये. आपल्याला साजेसे खोगीर शोधावे आणि पहिली लहान रपेट करून पाहावी.